अंगठा लागत नाही

मी जिवंत आहे का, हे यंदाही माझ्या अंगठ्याला विचारलं गेलं आणि अंगठ्याने तोंड उघडलं नाही. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या नोकरीची, पेन्शन चालू ठेवायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्राने बोट ओळखलं की तुम्ही आहात. मी नव्हते. केंद्रातला पोरगा म्हणाला, "आजी, जोरात दाबा." आयुष्यभर मी सगळ्यांची ताई होते. ते असो.

तेवढ्यात मागचे एक काका पुढे सरसावले. कानटोपी, काखेत पिशवी आणि चेहऱ्यावर या केंद्राची कोनशिला आपणच बसवल्याचा भाव.

"बोट केसांत घासा. तेल लागलं की ठसा उमटतो."

घासलं.

"आता कपाळावर."

तेही घासलं. रांग शांतपणे बघत होती.

"भांडी फार घासता वाटतं! नोकरीला कुठे होता?"

"समाजसेवा."

"ती तर आम्हीही करतो हो. सोसायटीचा गणपती माझ्याकडेच असतो. नोकरी कुठे?"

"तीच नोकरी. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी केलीय, संस्थेत होते. वस्तीत काम."

काका थबकले. "म्हणजे पगार घेऊन समाजसेवा?" मग रांगेकडे वळून त्यांनी ही बातमी सर्वांना दिली. "आणि वर पेन्शनसुद्धा!"

पेन्शन! 2014 साली सरकारने किमान 1,000 रुपये ठरवली, माझी त्याहून जराशी वर. पीएफ कापायचं आमच्या संस्थेला उशिरा सुचलं. त्याआधी प्रकल्प संपला की नोकरी संपायची, नवा प्रकल्प आला की आम्ही पुन्हा तळमळीने रुजू. निरोप समारंभात मात्र शाल, नारळ आणि "खरा कार्यकर्ता कधी निवृत्त होत नाही" हे अध्यक्षांचं भाषण. होत नाही ना, मग त्याला फंड कशाला? वस्तीतले जिने चढून गेलेल्या गुडघ्यांचा खर्च भाषणात नव्हता.

आणि अंगठ्याचं मला कुणी शिकवू नये. धुणीभांडी करणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बायकांचे ठसे झिजतात, रेशन दुकानातलं यंत्र त्यांना ओळखत नाही, म्हणून मी तहसील कार्यालयात निवेदनांवर निवेदनं दिली आहेत. त्यांचे ठसे कष्टाने गेले. माझे बहुधा त्या निवेदनांनी.

शेवटी पोराने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. चेहऱ्यावरूनही दाखला निघतो म्हणे. "डोळे मिचकावा." मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून माझा उजवा डोळा स्वतःच्या मर्जीने मिटतो.

"दोन्ही, दोन्ही!" काका ओरडले. "आणि रागाने नको, फोटो नाकारतात!"

कसाबसा दाखला निघाला. मी चप्पल शोधत होते, तर काका पिशवीतून कागद काढून उभे.

"बहिणीचा अर्ज आहे. विधवा आहे बिचारी. संजय गांधी निराधारचा भरलाय, परत आला."

"वय?"

"सदुसष्ट."

"पासष्टच्या पुढे श्रावणबाळ योजना असते. अर्जच चुकीचा आहे."

"बघा! तुम्हाला सगळं माहितीये. दोन-चार दिवस आमच्याकडे येऊन करून द्या की. आता मोकळ्याच आहात."

"देते. माझी फी पडेल."

काकांनी कागद छातीशी धरले.

"फी? समाजसेवेची?"