फुल डे म्हणे!

मालवणला गेलं की दरवेळी तेच. जेटीवर पाय ठेवायचा अवकाश, चार बोटवाले चार दर सांगत अंगावर. ‘फुल डे पॅकेज’ म्हणे! देवबागचा संगम, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन, स्नॉर्कलिंग (मास्क लावून पाण्याखालचं बघणं), सिंधुदुर्ग किल्ला. त्यात किल्ल्याला जेमतेम तास. अहो, 1664 साली महाराजांनी बांधायला घेतलेला जलदुर्ग, तो तासाभरात उरकायचा? आणि स्नॉर्कलिंग म्हणजे ट्यूबला लोंबकळून पंधरा मिनिटं, गढूळ पाण्यात मासे यावेत म्हणून पावाचे तुकडे! मास्कमध्ये खारं पाणी शिरलं तर ‘काय होत नाय ओ’. फोटोचे पैसे वेगळे, फोटोत निम्मा मी, निम्मा गाईडचा हात. डॉल्फिन? ‘काल होते.’ नेहमी कालच असतात मेले!