‘दर्यावर्दी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: जस्त, अ‍ॅल्युमिनियम आणि थोडं बोलण्याच्या रीतीबद्दल

‘दर्यावर्दी’ बाब, नमस्कार.

पावसाळ्याआधी हाउसबोटीची कुठली कामं उरकून घ्यावीत, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत. सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी सांगतो. तुमचं म्हणणं असं: स्टीलच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड (तळाऐवजी झिजणारे धातूचे तुकडे) लावा, हा माझा सल्ला साफ चूक आहे, किनाऱ्यावरून वीज घेताना अर्थिंगच्या तारेतून काय होतं त्याचा मी उल्लेखच केला नाही, गॅसचा विषय दोन ओळींत गुंडाळला, बॅटरीचे आकडे अर्धवट दिले, आणि एकंदरीत ‘हा लेख बार्जीवरच्या वेल्डरने लिहिल्यासारखा वाटतो’.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. तुम्हालाही बहुधा तेच आधी सुचलं असावं आणि बाकीचं मागाहून जोडलं असावं.

लेख बार्जीवरच्या वेल्डरने लिहिल्यासारखा वाटतो, कारण तो बार्जीवरच्या वेल्डरनेच लिहिलाय. यात मला लपवण्यासारखं काही नाही. वडील खनिजाच्या बार्जीवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, इंजिन सांभाळायचे. मी शाळा आटोपली आणि गोव्यातल्या जुवारी नदीच्या काठावरच्या एका यार्डात लागलो. प्लेटी कापल्या, तळाखाली उताणं पडून वेल्डिंग केलं, ठिणग्या अंगावर घेतल्या. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि बार्जी जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा यार्डातल्या निम्म्या लोकांना घरी बसावं लागलं. मी होड्या आणि हाउसबोटींच्या दुरुस्तीकडे वळलो तो तेव्हा. तुम्ही मर्चंट नेव्हीत 22 वर्षं इंजिनीअर होतात असं लिहिलंय. मान आहे. पण तुमची वर्षं सांगितली की ती पात्रता आणि माझी सांगितली की ती हेटाळणी, हा हिशोब मला समजत नाही.

टीका करू नका असं मी कधी म्हटलेलं नाही. याच लेखाखाली एका वाचकाने पंपाच्या गाळणीबद्दल माझ्याशी मतभेद दाखवला, त्यांचं नि माझं छान बोलणं झालं. तुम्ही मात्र ‘कृपया लोकांच्या जिवाशी खेळू नका’ असं लिहिता. आधी ‘कृपया’ चिकटवलं की पुढचं वाक्य सभ्य होतं, असं थोडंच आहे? मी फुकट लिहितो, कुणाला काही विकत नाही. एवढं तरी ध्यानात घ्यायचं होतं.

एक गोष्ट मान्य. इंजिनाच्या पाण्याच्या पंपातली पाती ‘रबराची’ असं मी लिहिलं होतं, तुम्ही ‘निओप्रीन’ म्हणा म्हणालात. निओप्रीन हेही कृत्रिम का होईना, रबरच. पण ठीक आहे, दुरुस्ती केली आहे. जाऊन बघा.

आता मुद्दा. तुमचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो हे दहावीतलं पोर सांगेल, ते काय झिजणार, समुद्रात जस्त आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियम हा जगभरचा नियम आहे.’

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी: अ‍ॅनोड म्हणजे पाण्याखालच्या लोखंडाला मुद्दाम जोडलेला दुसऱ्या धातूचा तुकडा. पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांतला जास्त सक्रिय धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. तळ वाचावा म्हणून आपण हा तुकडा बळी देतो. तो झिजला पाहिजे. झिजला नाही तर तो काम करत नाही, एवढं सोपं आहे.

आता आमच्या शापोरा नदीकडे या. वर दोडामार्गात तिला तिळारी म्हणतात, गोव्यात उतरली की शापोरा. मे महिन्यात आगरवाड्याची मिठागरं बघा. भरतीला याच नदीचं पाणी आत घेऊन तिथे मीठ पिकवतात. जुलैत त्याच नदीत बादली बुडवा. पाणी तांबडं, गढूळ आणि चवीला जवळजवळ गोडं. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मांडवी, जुवारी, सगळीकडे हीच तऱ्हा. मग सांगा बाब, माझी बोट समुद्रात आहे की गोड्या पाण्यात? तुमच्या नियमात या नदीसाठी रकानाच नाही. तुमचं जहाज बारा महिने अशा पाण्यात होतं, ज्याच्या किलोभरात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तिथे जस्त उत्तमच. मी तिथे जस्त लावू नका असं कुठे म्हटलंय?

गोड्या पाण्यात जस्ताचं काय होतं ते मी पुस्तकात वाचलेलं नाही, हाताने खरवडलेलं आहे. पाऊस सरल्यावर कामुर्लीजवळ बांधून ठेवलेली एक बोट वर ओढली होती. तळाला जस्ताच्या अ‍ॅनोडच्या नव्या वड्या होत्या, मालकाने पावसाच्या तोंडावर लावून घेतलेल्या. वडीवर पांढरट, टणक पापुद्रा चढला होता. स्क्रूड्रायव्हरने जोर लावून खरवडला तेव्हा खाली करडा चकचकीत धातू, आणि ओतताना उमटलेली अक्षरं धारदार, जशीच्या तशी. म्हणजे वडी झिजलीच नव्हती. मालक खूश. म्हणाला, बघ, किती टिकाऊ माल आहे. मी त्याला दोन हात पलीकडे नेलं. तिथे रंगाला फोड आले होते, एक फोड नखाने उचलला तर आत नारिंगी गंज आणि बोटाचं टोक बसेल एवढा खड्डा. जस्त आरामात होतं, स्टील झिजत होतं. आणि पापुद्रा एकदा चढला की ऑक्टोबरानंतर पाणी पुन्हा खारं झालं तरी ती वडी नीट जागी होईलच याचा भरवसा नाही.

राहिला तुमचा ऑक्साइडचा थर. दहावीतल्या पोराचं म्हणणं साध्या अ‍ॅल्युमिनियमबद्दल खरं आहे. खिडकीच्या चौकटीचा तुकडा कापून तळाला लावलात तर तो काही करणार नाही. पण अ‍ॅनोडचं अ‍ॅल्युमिनियम म्हणजे मिश्रधातू. त्यात थोडं जस्त असतं आणि चिमूटभर इंडियम, तो थर घट्ट बसू नये एवढ्याचसाठी घातलेलं. खाऱ्या पाण्यात ते चालतं, मचूळ पाण्यातही चालतं, आणि पावसाळ्यातल्या आमच्या नदीत जस्तापेक्षा बरंच बरं चालतं. वर्षभर वापरलेली वडी काढून बघा, घावनासारखी जाळी पडलेली असते. शिवाय झिजून संपेपर्यंत किलोमागे ते सुमारे 2500 अँपिअर-तास एवढा राखणारा प्रवाह देतं, जस्त 780 च्या आसपास. म्हणजे वजनही कमी लागतं. जहाजाला त्याचं काही वाटत नसेल, आमच्या उथळ बोटीला वाटतं.

आणि मॅग्नेशियम? पावसाळ्यात ठीक, मान्य. पण मग ते ऑक्टोबरात काढणार कोण? खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर विरघळून संपतं, आणि संपेपर्यंत एवढा जोर लावतं की तळाचा रंग सुटायला लागतो. लाकडी बोट असेल तर त्याच्या भोवतालचं लाकूडही मऊ पडतं. म्हणजे दर वर्षी दोनदा बोट वर ओढा, दोनदा यार्डाचं भाडं भरा, आणि त्यातली एक खेप जूनच्या तोंडावर, जेव्हा मच्छीमारांचे ट्रॉलर बंदीसाठी वर येतात आणि जागेसाठी मारामारी असते. हे जगभरच्या नियमात लिहिलेलं नसतं.

तुम्ही विचारलंय की मग बार्जींना जस्त का असायचं. त्या खनिज घेऊन सतत मुरगाव बंदरात जात होत्या, म्हणून. पावसात आग्वादला मांडवीचं तोंड वाळूने बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून जायच्या, पण जायच्या. खाऱ्या पाण्याशी त्यांचा संबंध तुटत नसे. 2012 नंतर ज्या वरच्या अंगाला नुसत्या उभ्या राहिल्या, त्यांचे तळ मी पाहिलेत. काही भंगारात कापायला आल्या तेव्हा गॅस कटर लावायच्या आधीच हातोडी आरपार जात होती, आणि शेजारी पांढरा पापुद्रा चढलेलं जस्त तसंच बसलेलं. वेल्डरला एवढं दिसतं, बाब.

खाली आणखी एका वाचकाने साधा, चांगला प्रश्न विचारलाय: आधीच जस्त लावलेलं आहे, त्यातच दोन वड्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाढवू का? नको. एकाच तळावर दोन्ही लावले तर अ‍ॅल्युमिनियम आधी जस्तालाच सांभाळत बसेल. सगळे एकाच धातूचे लावा. बोल्टाखालचा रंग घासून धातू उघडा करा, नाहीतर वडी नुसती लोंबकळत राहते. वडीवर रंग मारू नका; रंगाऱ्याला सांगूनही तो मारतो, म्हणून जवळ उभे राहा. आणि अर्धी झिजली की बदला, पूर्ण संपायची वाट बघू नका.

तुमचे बाकीचे मुद्दे. किनाऱ्यावरच्या विजेची अर्थिंगची तार शेजारच्या बोटीशी आपल्याला जोडते आणि आपला अ‍ॅनोड दुसऱ्याचं लोखंड राखत झिजतो, त्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो, हे मला माहीत आहे. तो माझ्या बोटीवर आहे का, असं तुम्ही दोनदा विचारलंय. तो प्रश्न इथे येत नाही. लेखातला तो भाग तळाबद्दल होता, विजेबद्दल नव्हता.

गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जाऊन साठतो, हे तुम्ही तीन उद्गारचिन्हांसह सांगितलंत. माझ्या दोन ओळी त्याच होत्या: सिलिंडर बाहेर डेकवर ठेवा, त्याच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवा आणि ते बोटीच्या बाहेर उघडू द्या. आणखी काय हवं होतं, कविता?

बॅटरी 12.7 व्होल्टला भरलेली, 12.2 ला साधारण अर्धी, असं मी लिहिलं. हे आकडे बॅटरी काही तास स्वस्थ पडून राहिल्यावरचे, चार्जर चालू असतानाचे नव्हेत, हे सांगितलं नाही म्हणून तुम्ही रागावलात. वाचणाऱ्याला तेवढी अक्कल असते असं मी धरून चालतो. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आला, हेही तुम्ही लिहिलंत; ऐकून आहे. त्याचा अ‍ॅनोडशी काय संबंध ते तुम्हीच जाणे.

उत्तराला उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, मी काढून टाकणार नाही. फक्त एक करा. ऑक्टोबरात शिवोलीला या, एखादी बोट वर ओढलेली असेलच. स्क्रूड्रायव्हर मी आणतो.

आणि हो, ‘फोटोतल्या मदतनिसाला पानाही नीट धरता येत नाही’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तो माझा पुतण्या आहे. डावखुरा आहे.