मेड म्हणे!

सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर दर सोमवारी हा मेसेज ठरलेला, "कोणाची मेड आलीये का आज?" आणि मला दर वेळी हसू येतं, कारण जिची चौकशी चाललेली असते तिला तीन नातवंडं आहेत हो!

मेड म्हणजे मेडनचं आखूड रूप, मूळ अर्थ लग्न न झालेली मुलगी. मेडन ओव्हरमधलं मेडन तेच. इंग्लंडात अशा पोरी मोठ्या घरांतून कामाला राहायच्या, तिथून तो शब्द कामवालीला चिकटला. (आमच्या लहानपणी मेड फक्त एकच, मिल्कमेडच्या डब्यावरची.)

बरं, हा शब्द आपण का उचलला? तर 'मोलकरीण' म्हणायला कसंतरी वाटतं म्हणून. आता गंमत बघा, मोलकरीण म्हणजे मोल घेऊन काम करणारी, म्हणजे पैशाची गोष्ट त्या शब्दातच आहे, त्यात कमीपणा कसला? १९८० साली पुण्यात धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली, तिचं नाव पुणे शहर मोलकरीण संघटना. त्यांना नाही लाज वाटली! सरकारने २००८ च्या कायद्यात 'घरेलू कामगार' लिहिलं, तेही ठीक, निदान कामगार तरी म्हटलं, पण 'घरेलू' ऐकलं की मला काढाच आठवतो.

'बाई'चं तर वाटोळंच झालं. मराठी शाळेत आम्ही शिक्षिकेला बाईच म्हणायचो, त्यात केवढा दरारा होता, आता तिथे मॅडम आणि टीचर आल्या आणि बाई राहिली फक्त भांड्यांपुरती.

राहता राहिली 'मावशी'. आमच्या घरी तेच म्हणतात, मीही म्हणते, पण खरं सांगायचं तर या शब्दाचा मला सगळ्यात जास्त संशय येतो. पाहुणे आले की "मावशी, आजच्या दिवस थोडं जास्तीचं कराल ना" आणि त्याच मावशीने चार खाडे केले की महिनाअखेरीला कॅलेंडर काढून हिशोब. नात्यातल्या मावशीचे कोणी पैसे कापतं का?

गेटवरच्या रजिस्टरमधला 'मेड'चा कॉलम बदला म्हणून परवा कमिटीत विषय काढला. एक काका म्हणाले, मोलकरीण लिहिलं तर त्यांना वाईट वाटेल. म्हटलं, विचारलंत का कोणाला? तर म्हणे त्यांना कसं विचारणार, त्या मीटिंगच्या वेळी कामावर असतात.