३७ नंतर फेडरल पोलीस नोकरीत बदली बंद? हा फॉरवर्ड आधी थांबवा

ह्यूस्टनच्या एका मराठी ग्रुपवरून निघालेला फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. ‘अमेरिकेत फेडरल पोलीस नोकऱ्यांचे ५ नियम, जे कुणी सांगत नाही!’ फिरत फिरत तो माझ्या भाचीकडे पोचला आणि तिचा फोन आला, “मामा, म्हणजे आता ह्याचं काही होणारच नाही का रे?”

हा म्हणजे आमचे भाचेजावई. बॉर्डर पेट्रोलमध्ये आहेत. ३१व्या वर्षी लागले, आता वय ४२. सीमेवरच्या रात्रपाळ्या पुरे झाल्या, म्हणून एका खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या (खात्यातले गैरव्यवहार तपासणाऱ्या) ऑफिसात तपास अधिकाऱ्याच्या जागेसाठी अर्ज भरत होते. फॉरवर्ड वाचून तो अर्धवट सोडून दिला! निवृत्त होईपर्यंत मी एका फेडरल खात्याच्या एचआरमध्ये याच फायली बघत होतो. त्यामुळे हे ऐकून डोकं फिरलं.

‘३७ नंतर कुठलीही एजन्सी घेत नाही, बदलीवरसुद्धा नाही. हे घटनेत लिहिलंय.’

घटनेचा इथे काही संबंध नाही. १९७४ सालच्या कायद्याने एजन्सीच्या प्रमुखाला वयाची मर्यादा ठरवायचा अधिकार दिला. आज तो अमेरिकी संहितेच्या शीर्षक ५, कलम ३३०७ मध्ये आहे, आणि कलम स्वच्छ सांगतं की ही मर्यादा पहिल्या नेमणुकीसाठी आहे. बहुतेक ठिकाणी ती ३७ असते, बॉर्डर पेट्रोलची स्वतःची तर ४० आहे.

३७ हा आकडा कुठून आला? सक्तीची निवृत्ती ५७ला आणि विशेष पेन्शनला लागते २० वर्षांची सेवा. ५७ वजा २०. म्हणून जो आधीच अशा विशेष पेन्शनच्या, म्हणजे ‘संरक्षित’ पदावर आहे त्याच्या वयातून तिथली सेवा वजा करतात. जावई ४२चे, सेवा ११ वर्षांची, उरले ३१. मर्यादेच्या कितीतरी आत. हे गुपितही नाही, नोकरीच्या जाहिरातीत वयाच्या अटीखालीच लिहिलेलं असतं. पण तिथपर्यंत वाचतो कोण.

‘बदली केली की पेन्शन शून्यापासून आणि ५७ला हाकलतात.’

संरक्षित पदांवरची वर्षं एजन्सी बदलली तरी एकत्रच मोजतात. ५० वर्षं वय आणि २० वर्षं सेवा, किंवा कुठल्याही वयात २५ वर्षं सेवा झाली की निवृत्त होता येतं. पहिल्या २० वर्षांना दर वर्षी १.७ टक्के, पुढे १ टक्का. ५७चं म्हणणं अर्धं खरं आहे. पण ५७ला २० वर्षं भरली नसतील तर ती भरेपर्यंत माणूस नोकरीत राहतो, हेही त्याच कायद्यात आहे.

‘वय उलटत आलंय? मग आधी मिळेल त्या फेडरल नोकरीत शिरा. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलचा पोलीस, विमानतळावरची टीएसए, काहीही चालेल. आत गेल्यावर वय कोण विचारतो!’

या मुद्द्यासाठी हा सगळा खटाटोप. पहिल्या मुद्द्यात पुढचं दार बंद करून तिसऱ्यात मागचं उघडणाऱ्या या विद्वानाच्या सल्ल्याने कुणाची तरी पुढची २० वर्षं वाया जातील.

बिल्ला, गणवेश, कमरेला पिस्तूल असलं म्हणजे पद संरक्षित असतंच असं नाही. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमधले पोलीस फेडरल नोकर आहेत, अटक करू शकतात, पण विशेष निवृत्ती योजनेत ते नाहीत. त्यांना त्यात घ्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी चालू आहे. टीएसएचे तपासनीसही नाहीत. या पदांना ३७ची अट नसते ती याचसाठी, आणि याचसाठी तिथली वर्षं वजाही होत नाहीत. समजा, ३६ वर्षांच्या एकाने हा सल्ला मानून हॉस्पिटलचा पोलीस व्हायचं ठरवलं. त्या वर्षी तो तपास अधिकाऱ्याच्या जागेला थेट अर्ज करू शकत होता. तीन वर्षांनी ‘बदली’ मागायला गेला की वय ३९, वजा शून्य. अर्ज पहिल्या चाळणीतच बाद.

तुमचं पद कुठल्या प्रकारचं आहे हे ग्रुपवर विचारू नका. नेमणुकीचा कागद येतो ना, एसएफ-५०, त्यावर ३० क्रमांकाची चौकट बघा. एम, एमआर किंवा एमएफ असेल तर तुम्ही विशेष योजनेत आहात. नुसतं के, केआर, केएफ दिसलं तर साध्या योजनेत. जावयांच्या कागदावर एमएफ आहे. त्यांनी तो इतक्या वर्षांत एकदाही नीट बघितला नव्हता, हे मात्र मी त्यांना ऐकवलं.

एक बारकावा इथेच सांगतो. पर्यवेक्षक किंवा प्रशासकीय अशा दुय्यम संरक्षित पदावर जायचं असेल, तर आधी प्रत्यक्ष पोलिसी कामाच्या मूळ संरक्षित पदावर ३ वर्षं हवीत आणि मधे ३ दिवसांपेक्षा जास्त खंड नको. ‘राजीनामा देऊन महिनाभर भारतात जाऊन येतो आणि मग जॉइन होतो’ हे तिथे महागात पडतं.

‘राज्य पोलीस आणि लष्करातली वर्षं वजा करा.’

राज्याची किंवा शहराची पोलीस सेवा अजिबात वजा होत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर १५ वर्षं काढली असली तरी नाही. लष्कराची वर्षंही वजा होत नाहीत. पण इथे फॉरवर्डवाल्याला थोडं द्यावं लागेल. २००८ मध्ये इसाबेला खटल्यात फेडरल नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाने परराष्ट्र खात्याविरुद्ध निकाल दिला, आणि तेव्हापासून प्राधान्यास पात्र (भरतीत कायद्याने अग्रक्रम मिळणाऱ्या) माजी सैनिकांना वयाची ही अट शिथिल होते. पात्र माजी सैनिकांनाच, नुसती लष्करात नोकरी केलेल्या प्रत्येकाला नाही.

‘आइसने अट काढली, म्हणजे सगळीकडे निघाली.’

ऑगस्ट २०२५ मध्ये आइसपुरती, म्हणजे इमिग्रेशनचे कायदे राबवणाऱ्या एजन्सीपुरती काढली, हे खरं. होमलँड सिक्युरिटीच्या तेव्हाच्या मंत्री क्रिस्टी नोएम यांनी तशी घोषणा केली होती. एका एजन्सीने आपली मर्यादा उठवली म्हणून दुसरीची उठत नाही, कारण अधिकार ज्या त्या प्रमुखाचा आहे. डीईएत, म्हणजे अमली पदार्थविरोधी एजन्सीत जायचं असेल तर डीईएची जाहिरात वाचा.

आणि ज्या ग्रुपवर हे फिरतंय तिथे निम्मी मंडळी एच-१बी नाहीतर ग्रीन कार्डवर. या बहुतेक पदांना नागरिकत्व लागतं, ते त्या पाच नियमांत कुठेच नाही! ग्रुपच्या अ‍ॅडमिनना मी कळवलंय की बाकीचं राहू दे, निदान तिसरा मुद्दा काढा. त्यांनी हात जोडलेला इमोजी पाठवला. फॉरवर्ड अजून तिथेच आहे.