आम्ही सोलापूरचे पर्यटक

साठी ओलांडली की शहराचा नकाशा बदलतो. एके काळी माझ्या डोक्यातलं सोलापूर टॉकीजवर बेतलेलं होतं. लग्नानंतर ते मंडई, रेशन दुकान आणि शाळा यांच्यावर गेलं. आता घराबाहेर पडताना मी एवढंच बघतो, की वाटेत कुठं 'जायची' सोय आहे. नवी पेठेत कोणता दुकानदार ओळखीचा, पार्क चौकात कोणत्या हॉटेलात चहा न घेता आत जाता येतं, आणि ओळखीचा शेठ गल्ल्यावर स्वतः बसतो की पोराला बसवतो. शेठची मुलं ओळख देत नाहीत.

आमचा सकाळचा कट्टा सिद्धेश्वर तलावापासून चालत दहा मिनिटांवर आहे. चार बाकडी, एक लिंब, लिंबाखाली आम्ही. माजी गिरणी कामगार अण्णा, निवृत्त वकीलसाहेब, एक माजी मुख्याध्यापक (ते आम्हाला अजून नववीतले समजतात), आणि मी. आमच्यातल्या निम्म्यांना मधुमेह आहे आणि उरलेल्यांना प्रोस्टेट. चालणं कमी आणि घाईनं घरी परतणं जास्त, असा आमचा व्यायाम चालतो. शेजारच्या बाकड्यावर विडी ब्रँचला, म्हणजे विडी कंपनीच्या केंद्रावर, वळलेल्या विड्या द्यायला निघालेल्या बायका टेकतात. त्यांतल्या अक्कांनी एकदा आमचं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमाला निदान भिंती तरी हायत ओ. आमी काय करावं?"

यावर कट्टा गप्प झाला. आमच्या कट्ट्याच्या इतिहासात ही दुर्मीळ घटना.

मग ठरलं, की स्वच्छतागृहासाठी अर्ज करायचा. अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी गिरणीत कारकून होतो. गिरणी बंद पडली, पण 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर' हे हाताला राहून गेलं. वकीलसाहेबांनी त्यात कायदा घुसवला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949. त्याच्या कलम 63 मध्ये आवश्यक कर्तव्यं आहेत आणि त्यांत सार्वजनिक संडास-मुताऱ्या येतात. कलम 66 मध्ये ऐच्छिक कर्तव्यं आहेत आणि त्यांत बागबगीचे येतात. म्हणजे कायद्यानं मुतारी आवश्यक आणि बाग ऐच्छिक. आमच्याकडं बाग होती.

आता अर्ज घेऊन कोणत्या कार्यालयात गेलो ते सांगणार नाही. निधीला दारं बरीच असतात आणि मी सगळीच ठोठावली. एका दारात कळलं, की वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. हे ऐकून मी पुढं सरसावलो, तेवढ्यात कळलं की यंदाचा निधी पाण्याला आणि स्वच्छतेलाच गेलाय, फक्त आमच्या नाही. दुसऱ्या दारात खासदार निधीची माहिती मिळाली. वर्षाला पाच कोटी, अख्ख्या मतदारसंघाला. शिवाय तो धार्मिक स्थळाच्या आवारात चालत नाही. आमच्या लिंबाखाली कोणीतरी शेंदूर लावलेला दगड ठेवलाय. त्यामुळं आमची जागा धार्मिक आहे की नाही, यावर तिथल्या दोन माणसांत वाद पेटला आणि तो पेटलेला सोडून मी निघालो.

तिसऱ्या दारात भला पोरगा भेटला. तरुण, चष्मेवाला, टेबलावर शेंगा चटणीचा डबा. त्यानं अर्ज पूर्ण वाचला. सरकारी टेबलावर अर्ज पूर्ण वाचला जाताना मी पहिल्यांदा पाहिला आणि माझा ऊर भरून आला.

"काम चांगलंय सर," तो म्हणाला. "पैसे पण हायत. पण या लेखाशीर्षात नाहीत."

मग त्यानं मला लेखाशीर्ष समजावून सांगितलं. आपण घरात दिवाळीला बाजूला काढलेले पैसे वेळ आली की दवाखान्याला मोडतो. सरकारी पैशाला तशी मोड नसते. ज्या शीर्षाखाली तरतूद, त्याच शीर्षाखाली खर्च. दुसरीकडं वळवायचा तर पुनर्विनियोजन, त्याला टिप्पणी, टिप्पणीवर शेरा, शेऱ्यावर खुलासा. तोवर 31 मार्च येतो आणि न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. मी त्याला विचारलं, मग तरतूद शिल्लक आहे तरी कशात? त्यानं पंख्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग हळूच म्हणाला, "पर्यटनात बसवता येतंय का बघा."

"मुतारी?"

"सर, पर्यटकाला पण लागतंच की."

2011 च्या जनगणनेत हे शहर 9 लाख 51 हजार माणसांचं होतं. या सगळ्यांना दिवसातून अनेकदा जी गरज पडते, ती भागवायला शीर्षात पैसा नाही. पण बाहेरगावचा एक माणूस आला आणि त्याला तीच गरज पडली, की ती पर्यटन सुविधा होते. मला यात अन्याय वगैरे दिसला नाही. कारकुनी केलेल्या माणसाला त्यात वाट दिसते.

कट्ट्यावर बैठक बसली. विषय एकच: आमच्या चार बाकड्यांपाशी पर्यटक का येईल?

इथं सोलापूरकराची खरी अडचण उघडी पडते. आमच्याकडं दाखवायला भरपूर आहे आणि दाखवायची सवय मुळीच नाही. मुख्याध्यापकांनी यादी सुरू केली. सिद्धेश्वर. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली 68 लिंगं. गड्ड्याची यात्रा, संक्रांतीचे सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. भुईकोट किल्ला. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक, 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेला डॉक्टर चीनमध्ये रुग्णसेवा करत 1942 मध्ये तिथंच गेला, त्याचं घर बघायला चिनी पाहुणे येऊन जातात आणि आमच्यातले दोघं अजून गेलेले नाहीत. चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. मुख्याध्यापकांनी ही चार नावं अण्णांना म्हणून दाखवायला लावली आणि अण्णांनी ती म्हटली, तेव्हा शाबासकी दिली.

"चादर," अण्णा पुढं म्हणाले. ते गिरणीतले, त्यांना चादरीशिवाय चैन पडत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं.

वकीलसाहेबांनी नान्नजचं माळढोक अभयारण्य काढलं. 1979 चं. अण्णा म्हणाले, पर्यटकाला पक्षी दाखवतो म्हणून नेलं आणि पक्षी नाही दिसला तर? वकीलसाहेब म्हणाले, तर गवत दाखवू, ते दुर्मीळच आहे. विमानाचाही विषय निघाला. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली आणि 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. शहराच्या पर्यटनाला चालना मिळाली हे खरं, फक्त ती गोव्याकडं जाते. माझ्या भाच्यानं पहिल्या महिन्यातच चालना दिली.

एवढं सगळं होऊनही आमच्या लिंबाखाली कोणी का थांबेल, ते ठरेना. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. मागं सामान, पुढं फुलांचा हार. अक्कलकोटहून निघालेली, तुळजापूरला चाललेली, रात्री पंढरपूर गाठणार. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि विचारलं, "काका, इथं बाथरूम कुठाय?"

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. हा आमचा पर्यटक.

सोलापूर म्हणजे कुठंतरी जाताना लागणारं गाव. लोक अक्कलकोटला स्वामींकडं जातात, पंढरपूरला विठोबाकडं, तुळजापूरला भवानीकडं, आणि मधे आमच्याकडं पाय मोकळे करतात. त्यांतला प्रत्येक जण उतरल्या उतरल्या काय विचारतो? किल्ला नाही, चादर नाही, 68 लिंगं तर नाहीतच. ब्रोशर काढणाऱ्यांनी गाडीतून उतरणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य एकदा ऐकावं. त्या ड्रायव्हरला आम्ही ओळखीच्या शेठच्या दुकानात नेलं. गल्ल्यावर पोरगा होता.

प्रस्ताव नव्यानं लिहिला. 'तीन तीर्थक्षेत्रांना जोडणाऱ्या मार्गावरील भाविक व पर्यटकांसाठी मूलभूत सुविधा.' त्या भल्या पोरानं वाचून 'व्वा' म्हटलं. पर्यटनाचे असे प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीपुढं जातात, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, वगैरे पुढचं त्यानं सांगितलं आणि माझ्या डोक्यावरून गेलं. मग प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता. या दोन मान्यता एकमेकींच्या सख्ख्या जावा आहेत, एकीला आधी विचारलं की दुसरी रुसते. आराखडा करणाऱ्यानं मधेच एक कारंजं काढलं. मी म्हटलं, पाणी येतं त्या दिवशीच चालवायचं का? त्यानं कारंज्याच्या जागी सेल्फी पॉइंट काढला. त्यावर मी हरकत घेतली, तेव्हा तो म्हणाला, "काका, नुसतं टॉयलेट बघून कोण मंजूर करतंय? थोडं डोळ्यात भरायला पाहिजे." शेवटी सेल्फी पॉइंट 'टप्पा दोन'मध्ये ढकलला. आयुष्यात टप्पा दोनचं महत्त्व मला तेव्हा कळलं. जे नको ते तिथं ठेवता येतं.

फाइल हलली मार्चात. फेब्रुवारीपर्यंत ज्या खुर्च्या रिकाम्या दिसायच्या, त्यांच्यावर मार्चात दोन-दोन माणसं. आणि पावसाळ्याच्या आधी, कोणाचाही विश्वास बसणार नाही, पण लिंबापासून थोड्या अंतरावर खरोखर इमारत उभी राहिली. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, टाकी, फरशी, दिवा. वर पाटी: 'पर्यटक सुविधा केंद्र'.

पहिल्या सकाळी अण्णा मोठ्या मानानं आत निघाले. दारात ठेकेदाराचा पोरगा, पुढ्यात रजिस्टर.

"कुठून आलाव?"

"कुठून म्हणजे? इथूनच की बे. मी रोज हितं बसतो."

"मग नाही, काका. हे पर्यटकांचंय."

निधी खर्चल्यावर द्यायच्या उपयोगिता प्रमाणपत्रात पैसे मंजूर कामावरच खर्च झाले, एवढंच लिहायचं असतं. पण या पोराला कोणीतरी सांगितलं होतं, की उपयोग कोण करतो तेही दाखवावं लागतं. त्याची काही चूक नव्हती. सोलापुरात सांगितलेलं काम इतक्या मनापासून करणारा माणूस मिळाल्याचा आम्हाला आनंदच व्हायला पाहिजे होता, पण ती वेळ आनंदाची नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पर्यटक झालो. अण्णा माकडटोपी घालून, गळ्यात नातवाची वॉटरबॅग अडकवून यायला लागले आणि दारात म्हणायचे, "मेरेकू सिद्धेश्वर मंदिर जानेका है, उसके पयले अंदर जानेका है." या हिंदीवरून ते कुठले, हे कोणालाही कळलं असतं. पण पोरगा नियमाचा पक्का. माणूस हिंदी बोलला म्हणजे बाहेरचा. वकीलसाहेबांनी खोटं बोलणार नाही असं जाहीर केलं आणि रजिस्टरमध्ये मूळ गाव लिहिलं, लातूरकडचं, जिथून त्यांचे पणजोबा निघाले होते. मुख्याध्यापकांनी आधी रजिस्टरातलं शुद्धलेखन तपासलं. रजिस्टरात एक रकाना 'भेटीचा उद्देश' असा होता. त्यात काय लिहावं यावर मी पहिल्या दिवशी इतका वेळ विचार केला, की उद्देश संकटात आला.

आमच्यात खऱ्या पर्यटक फक्त अक्का निघाल्या. त्या विडी, यंत्रमाग अशा असंघटित कामगारांच्या रे नगरात राहायला गेल्यात, कुंभारीला. 30 हजार घरांची वसाहत ती, पहिल्या 15 हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या. कुंभारी शहराच्या हद्दीबाहेर. त्यामुळं अक्का दारात ताठ मानेनं सांगायच्या, "कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर," आणि पोरगा अदबीनं बाजूला व्हायचा. ज्या शहरात त्यांचा जन्म गेला, तिथं त्या आता पाहुण्या आहेत, आणि त्याचा हा एकच फायदा त्यांना आजवर झालेला आहे.

काही महिन्यांनी त्या भल्या पोराचा फोन आला. आवाज भारावलेला.

"सर, तुमच्या पॉइंटवर पर्यटक लई वाढलेत ओ! रजिस्टर वर गेलंय. नागपूर काय, रत्नागिरी काय, लातूरचे तर रोजच येयलेत. साहेब खूश हायत. टप्पा दोन लगेच पाठवा म्हणालेत."

पुन्हा बैठक. मुख्याध्यापकांना वाचनालयाला पंखे पाहिजे होते, 'पर्यटक वाचन कक्ष' म्हणून. अण्णांना चादरीचं दालन. आराखडेवाला सेल्फी पॉइंट घेऊन आधीच येऊन बसला होता. अक्का शेजारच्या बाकड्यावर विड्यांची बंडलं मोजत होत्या. मोजणं न थांबवता म्हणाल्या, "पाळणाघर लिवा. पर्यटकांच्या लेकरांचं."

अण्णांना पटेना. "पर्यटक लेकरं हितं सोडून दिवसभर जाणार कुठं ओ, अक्का?"

"ब्रँचला," अक्का म्हणाल्या.