वॉस्पच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव दिलेलं नाही, नुसतं 'लालबागचा एक वाचक' लिहिलंय. म्हणजे शेजारीच निघालात, मी चिंचपोकळीचा. मार्व्हल कॉमिक्समधल्या सुपरहिरोंच्या टीमचं, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्सचं नेतृत्व सगळ्यात चांगलं केलं ते कॅप्टन अमेरिकानं नव्हे, गांधीलमाशीएवढी होऊन उडणाऱ्या वॉस्पनं, असं मी एका लेखात लिहिलं आणि तुम्ही मला पार धुऊन काढलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जो सगळ्यात ताकदवान त्यानंच पुढं राहावं, नाहीतर थोरसारखा देव कुणाचं ऐकणार? दुसरं, टीम उभी केली कॅप्टननं, मग मान त्याचाच. तिसरं, बायकांना पुढारी करायची ही हल्लीची टूम. आणि शेवटचं, वॉस्पच्या राज्यात टीममधल्याच हर्क्युलिसनं तिचा हुकूम धाब्यावर बसवला, टीमचं घर शत्रूनं बळकावलं; 'ज्याचं माणसं ऐकत नाहीत तो कसला पुढारी?'

मधल्या दोन मुद्द्यांचं उत्तर सोपं आहे. पहिला अंक आला सप्टेंबर 1963 मध्ये. त्यात आयर्न मॅन, थोर, अँट-मॅन, हल्क आणि वॉस्प आहेत, कॅप्टनचा पत्ताच नाही. तो बर्फात गोठलेला सापडला चौथ्या अंकात, 1964 साली. टीमला 'अ‍ॅव्हेंजर्स' हे नाव सुचवलं तेही वॉस्पनंच. आणि ती अध्यक्ष झाली 1982 साली. हल्लीची टूम म्हणायला चाळीस वर्षं जरा जास्तच होतात. 1986 मध्ये एक्स-मेन या दुसऱ्या टीममध्ये स्टॉर्म ही नायिका सायक्लॉप्स या सोबत्याशी समोरासमोर लढून पुढारी झाली, तेव्हा तर तिच्या शक्तीही गेलेल्या होत्या. त्याआधीचा जमाना कसा होता, तेही सांगतो. 1942 च्या सुमारास वंडर वुमन जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या टीममध्ये आली ती सेक्रेटरी म्हणून. अंगात देवांचं बळ, आणि काम काय, तर सभेचा वृत्तांत लिहायचा! आपल्या मंडळांत अजूनही चहाचं आणि हळदीकुंकवाचं खातं कुणाकडं असतं ते बघा, म्हणजे हसू यायचं नाही.

ताकदीला पर्याय म्हणून तुम्ही जाता जाता बॅटमॅनचं नाव घेतलंत, 'निदान डोकं तरी'. 2000 साली जस्टिस लीग या त्याच्या टीमच्या कथेत हा डोकेबाज माणूस स्वतःच्याच सोबत्यांना कसं लोळवायचं याच्या योजना लिहून बसला होता. रास अल गूल या खलनायकानं त्या चोरल्या आणि त्याच टीमवर वापरल्या. मग मतदान झालं आणि बॅटमॅन बाहेर. मंडळाच्या खजिनदाराकडं प्रत्येक सभासदाची अशी वही सापडली तर तुम्ही काय कराल?

आता हर्क्युलिस. तुमची प्रतिक्रिया वाचताना इथं मी खरंच थांबलो, कारण हा मुद्दा टाळण्यासारखा नाही. अंक 273 ते 277, 1986 च्या अखेरीपासून 1987 च्या सुरुवातीपर्यंतचे. बॅरन झीमो हा खलनायक मास्टर्स ऑफ ईव्हिल नावाची दुष्टांची फौज जमवतो आणि अ‍ॅव्हेंजर्सच्या घरातच घुसतो. बटलर जार्व्हिसला बेदम मारतात. कॅप्टनला बांधून ठेवतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईचा फोटो फाडतात. वॉस्प बाहेर आहे. ती हर्क्युलिसला सांगते, थांब, आधी माणसं जमवू. पण बाईचा हुकूम मानायचा नाही म्हणून अगोदरच घुमसत असलेला, वर दारूच्या अमलात असलेला हर्क्युलिस एकटाच आत घुसतो. आतली सगळी फौज मिळून त्याला बेशुद्ध होईस्तोवर कुटते.

घर गेलं हे खरं. अध्यक्ष तीच होती, तेव्हा पहाऱ्यातली ढिलाई तिच्याच खात्यावर. मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, चूक माझी.

पण 'माणसं ऐकत नाहीत तो कसला पुढारी' हे मात्र मला पटत नाही, आणि त्याचं कारण कॉमिक्समध्ये नाही. मी पाच वर्षं आमच्या चाळीच्या गोविंदा पथकात खालच्या थराला होतो. तुम्ही लालबागचे, तुम्हाला काय सांगायचं! मान खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, वरून पाण्याचा मारा, समोर डीजे. वर काय चाललंय ते दिसत नाही. दिसतात ते समोरच्याचे पाय आणि ऐकू येते ती एक शिट्टी. शिट्टी अण्णांची. अण्णा बेस्टमध्ये कंडक्टर, अंगानं काडी. ते स्वतः एकाही थराला उभे राहिले असते तर आम्हीच हसलो असतो. पण पूर्ण मनोरा दिसायचा तो त्यांनाच, कारण ते मनोऱ्यात नव्हते.

एका वर्षी सहावा थर उभा राहिला आणि सातव्याला एक्का चढत होता. दुसऱ्या थरातल्या एका पोराचा गुडघा लटपटताना अण्णांनी पाहिला आणि दोनदा शिट्टी मारली. दोनदा म्हणजे उतरा. माइकवरून बक्षिसाचा आकडा ओरडून सांगणं चालू होतं. तिसऱ्या थरातला आमचा सगळ्यात दांडगा गडी ओरडला, "होतंय, चढव!" वरचा पोरगा गोंधळला. त्याच्या बाजूनं बघितलं तर एक शिट्टी खाली आणि एक आवाज अगदी कानाशी. मग सगळंच खाली आलं. माझा डावा खांदा पावसाळ्यात अजून ठणकतो.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर कुणाच्याही मनात आलं नाही की अण्णांना काढून त्या दांडग्याला उभं करूया. पुढच्या गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला तेव्हा शिट्टी अण्णांकडंच होती. दांडगाही आला होता, तिसऱ्याच थराला.

वॉस्पनं पुढं काय केलं, हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. हर्क्युलिस इस्पितळात पडला असताना त्याचा काटा काढायला झीमोच्या फौजेतले अ‍ॅब्सॉर्बिंग मॅन आणि टायटेनिया येतात. त्या दोन राक्षसांसमोर असतात फक्त वॉस्प आणि स्कॉट लँग हा नवा अँट-मॅन, म्हणजे एक गांधीलमाशी आणि एक मुंगी! ज्यानं तिचं ऐकलं नाही त्याच्यासाठीच ती लढते, आणि जिंकते. मग थोर आणि कॅप्टन मार्व्हल, म्हणजे मोनिका रॅम्बो, यांना घेऊन घर परत मिळवते. थोर कुणाचं ऐकणार असं विचारलंत ना? तिचं ऐकतो. कॅप्टन अमेरिका तर कितीतरी आधीपासून तिच्या हाताखाली साधा सभासद म्हणून काम करत होता. त्यानं कधी शिट्टी मागितली नाही, आणि त्याच्याबद्दलचा माझा आदर त्यामुळंच वाढला.

शिवाय कॅप्टनचं तरी कुठं सगळे ऐकायचे? 1965 साली जुने गेले आणि त्याच्या पदरात हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच पडले. हॉकआय अंकामागून अंक त्याच्याशी तंडतो, पुढारी मीच हवा म्हणून. त्यावरून कॅप्टनला कुणी नापास केलेलं मी तरी ऐकलं नाही.

तुम्ही लिहिलंय की हे जुने अंक तुम्ही वाचलेले नाहीत, फक्त कथा माहीत आहे. मला ते माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर मिळाले, तेही उलटसुलट. 274 आधी, मग 277, बाकीचे पुढच्या दोन वर्षांत. शनिवारी संध्याकाळी घरी असतो, चहाला या आणि वाचून जा. फक्त 275 जपून हाताळा, त्याला कव्हर नाही.