शिक्को खंय?

गोव्यात नावावर वीतभर जमीन असली की कधी ना कधी एक-चौदाचा उतारा (म्हणजे इथला सातबाराच) लागतोच, तसा मलाही लागला. हल्ली तो ऑनलाइन मिळतो, वर डिजिटल सही. मी खूश. पीडीएफ उघडली तर सहीवर हे भलंमोठं पिवळं प्रश्नचिन्ह! बायको म्हणाली, "बनावट दिसतंय हो."

भाचा पोर्तुगालला असतो, त्याला फोन लावला. "मामा, उतारा खराच आहे, तुमचा कॉम्प्युटर सही करणाऱ्याला ओळखत नाही इतकंच. सहीवर राइट क्लिक करा, सीसीए इंडियाच्या, म्हणजे डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, सर्टिफिकेटला ट्रस्ट करा." केलं. हिरवी टिक आली! मग त्याने लेक्चर दिलं, की फाइलचा एक हॅश, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखा कोड, निघतो, 64 अक्षरी, सर्व्हे नंबरातला एक आकडा जरी कोणी बदलला तरी हॅश बदलतो आणि टिक गायब. तिकडे म्हणे माणसाची सही वेगळी आणि ऑफिसचा इलेक्ट्रॉनिक शिक्का वेगळा, युरोपच्या 2014 च्या कायद्यातच तसं आहे.

दुसऱ्या दिवशी कदंबा बस पकडून, टिकसकट रंगीत प्रिंट घेऊन ऑफिसात (कुठल्या ते विचारू नका). काउंटरवरच्या बाबने कागद उलटापालटा केला.

"शिक्को खंय?"

म्हटलं, बाब, डिजिटल सही आहे, आयटी कायदा 2000 सालचा. तो म्हणाला, कायदा असेल, पण शिक्का नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचं अर्धं बरोबरच होतं, कारण सगळी गंमत फाइलमध्ये, कागदावरची टिक हे नुसतं चित्र, ते तर माझी पोरगी स्केचपेनने काढेल.

"मग फाइल मेल करतो?"

"करा, पण 200 केबीच्या आत."

समोरच्या सायबरवाल्या पोराने फाइल दाबून दाबून बसवली, 180 केबी. उघडून बघतो तर टिक नाही, प्रश्नचिन्ह नाही, सहीच नाही! पोरगा म्हणतो, "अंकल, अक्षरं तर दिसतात ना?"

परत काउंटरवर. माझा चेहरा बघून बाबला दया आली असावी, त्याने ड्रॉवरमधून 'ट्रू कॉपी'चा गोल शिक्का काढला. पॅड वाळलेलं. शिक्क्यावर दोनदा हा-हा करून फुंकर मारली आणि धाडकन ठोकला, नेमका हिरव्या टिकवर, तोही उलटा.

मूळ फाइल त्याने शेवटपर्यंत उघडली नाही.